स्वांगुलप्रमाण, दहा हजार पावले आणि प्रकृतिपत्रक

मनगटी यंत्रावरील निद्रेचे, पावलांचे व नाडीस्पंदनाचे आकडे दाखवीत येणारे रुग्ण पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता नवे राहिलेले नाहीत. २०२०-२१ च्या कोविड साथीत बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचले. आकडा ठीक तर मी ठीक, ही धारणा तेव्हापासून दृढ झाली, असे माझे निरीक्षण आहे.

दररोज दहा हजार पावले, हा त्यांतील सर्वमान्य आकडा. त्याचे मूळ मात्र चिकित्साशास्त्रात नाही. १९६५ मध्ये जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र विक्रीस आणले. त्याचे नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. विक्रीचे नाव पुढे आरोग्याचे उद्दिष्ट होऊन बसले. आपले शास्त्र मोजमापाच्या विरुद्ध नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्षेत 'प्रमाण' सांगितलेच आहे. परंतु ते ज्याच्या त्याच्या अंगुलांनी मोजावयाचे. व्यायामाची मर्यादाही अर्धशक्ती, आणि शक्ती ज्याची त्याची. दिवसभर कापूस वेचून परतलेल्या मजूर स्त्रीस आणखी पावले मोजावयास कोणता वैद्य सांगेल?

तथापि यंत्रांस दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'देश का प्रकृति परीक्षण' अभियान झाले. वैद्यांच्या साहाय्याने भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे १ कोटीहून अधिक नागरिकांची प्रकृती नोंदविली गेली. प्रकृती हा शब्द सामान्यांच्या तोंडी आला, हे मोठेच कार्य होय. त्याच उत्साहात पुढे मी एका स्थानिक शिबिरात स्वतःच्या प्रश्नावलीने प्रकृतिपत्रके वाटली. रांग लांब होती. एकेकास पाच मिनिटेही मिळाली नाहीत.

काही महिन्यांनी एक बाळंतीण सासूबाईंसह आली. कृशता, कटिशूल, मलावष्टंभ, अनिद्रा; सूतिकावस्थेतील वातप्रकोप उघड दिसत होता. दूध, तूप, डिंकाचे लाडू बंद. 'कफप्रकृतीसाठी' म्हणून विकले जाणारे एक चूर्ण मात्र मागविलेले. कारण विचारताच सासूबाईंनी पत्रक पुढे केले. "तुमीच तं लिवून देल्लं जी, कफाची हाय म्हणून." अक्षर माझेच होते.

नोंद चुकीची होती असे मला आजही वाटत नाही. सुश्रुतमताने प्रकृती शुक्रशोणितसंयोगाच्या वेळीच ठरते व आयुष्यभर टिकते. पण चिकित्सा विकृतीची करावयाची असते, आणि ते त्या पत्रकावर कोठेही नव्हते. तिने प्रकृतीला आपली ओळख मानले, बाजाराने त्या ओळखीला गिऱ्हाईक मानले. अभ्यंग, दशमूलारिष्ट व घृतयुक्त आहार सुरू केल्यावर तिला झोप लागू लागली.

येथेच गोपनीयतेचाही प्रश्न येतो. १४ अंकी आभा क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीनेच पाहता येतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा पायाही संमती हाच आहे. शिबिरातील माझ्या वहीत मात्र नाव, वय, दूरध्वनी व प्रकृती एका ओळीत लिहिलेली होती, आणि ती वही कित्येक दिवस टेबलावर उघडी पडून होती. प्रकृती न बदलणारी असल्याने ही नोंद जन्मभराची ठरते, हे मला फार उशिरा सुचले.

आता वही कपाटात कुलपाखाली असते. पत्रकावर दिनांक, वय, ऋतू व तत्कालीन विकृती यांचे रकाने वाढविले आहेत. 'यावरून आहार अथवा औषध परस्पर बदलू नये' असा शिक्का यवतमाळहून करवून आणला आहे. तो मराठीत आहे, आणि वाचता न येणाऱ्यांस मी तोंडी सांगतो.