सोनेरी फुलाचा विषारी कंद

वर्डस्वर्थची डॅफोडिलवरील कविता शाळेत शिकलेल्या आपल्या अनेक पिढ्यांना हे फूल प्रत्यक्ष पाहण्याआधीच परिचयाचे झाले. इंग्लंडमधील अल्सवॉटर सरोवराच्या काठी एप्रिल १८०२ मध्ये कवीने आणि त्याची बहीण डोरोथी हिने ही फुले पाहिली होती. आजही फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ब्रिटनमधील बागा आणि रस्त्यांच्या कडा या फुलांनी पिवळ्याधमक होतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही परसात चार कंद लावण्याचा मोह होतोच. मात्र या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि त्यातही कंद अधिक, हे लावण्यापूर्वीच ठाऊक असायला हवे.

डॅफोडिलची लागवड सोपी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत, कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट खोलीवर, टोक वर ठेवून कंद लावतात. हिवाळ्यातील काही आठवड्यांची थंडी मिळाल्यावरच ते नीट फुलतात. त्यामुळे मुंबईच्या हवेत ते फुलणे कठीण. फुले सुकल्यावर देठ कापावेत. पाने मात्र किमान सहा आठवडे तशीच ठेवावीत. पुढील वर्षाच्या फुलांसाठी लागणारे अन्न हीच पाने कंदात साठवीत असतात.

हा अन्नसाठा जमिनीखालील प्राण्यांपासून वाचवण्यासाठी निसर्गाने केलेली तजवीज म्हणजे विष. कंदात लायकोरीन नावाचे अल्कलॉइड असते. ते पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि जुलाब होतात. शिवाय रसामध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. फुले तोडणाऱ्या मजुरांच्या हातांना त्यामुळे खाज आणि पुरळ येते. खारी आणि उंदीर ट्युलिपचे कंद उकरून खातात, पण डॅफोडिलच्या वाटेला सहसा जात नाहीत, याचे रहस्य हेच.

माणसाची फसगत मात्र होते. सफोक परगण्यातील एका प्राथमिक शाळेत २००९ मध्ये मुलांनी बनवलेल्या सूपमध्ये कांदा समजून डॅफोडिलचा कंद पडला आणि अनेक मुले आजारी पडली. २०१२ मध्ये ब्रिस्टलमध्ये काही जणांनी चिनी स्वयंपाकातील पातीची भाजी समजून डॅफोडिलचे कोवळे दांडे खाल्ले आणि त्यांना रुग्णालय गाठावे लागले. अखेर २०१५ मध्ये तेथील तत्कालीन आरोग्य यंत्रणेने सुपरमार्केटना ही फुले व कंद भाजी-फळांपासून दूर ठेवण्याची सूचना केली.

काळजी अवघड नाही. कंद स्वयंपाकघरात किंवा कांद्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत; नाव लिहिलेल्या पिशवीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. लावताना हातमोजे घालावेत. भाजीच्या वाफ्यात हे कंद लावू नयेत. कांद्याचा उग्र वास या कंदाला नसतो, ही ओळखीची खूण. कुत्र्याने उकरून खाल्ल्यास त्यालाही बाधा होते. फुलदाणीतील पाणीही पाळीव प्राण्यांना पिऊ देऊ नये. कोणी कंद खाल्ल्यास स्वतःहून उलटी करवू नये. उरलेला तुकडा सोबत घेऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

याच वनस्पतीत गॅलँटामिन हे दुसरे अल्कलॉइडही असते. अल्झायमरच्या रुग्णांची स्मृती सावरण्यासाठी ते औषध म्हणून वापरले जाते आणि त्यासाठी वेल्सच्या डोंगराळ भागात डॅफोडिलची शेतीही झाली आहे. अर्थात, काटेकोर मात्रेतील शुद्ध औषध वेगळे आणि घरातला कंद वेगळा.

आपल्याकडे डॅफोडिल नसले तरी त्याचे भाऊबंद घरोघरी आहेत. उन्हाळ्यात कुंडीत फुलणारी अमॅरिलिस, मे महिन्यातली लालभडक फुटबॉल लिली, सोसायटीच्या कुंपणालगतची पांढरी स्पायडर लिली यांच्या कंदांतही लायकोरीन असते. आपण बोलताना सहजपणे 'लिलीचे कांदे' म्हणतो. तो शब्द तोंडी राहू द्यावा. ते कांदे मात्र बागेतच राहिलेले बरे.