रसशाळेचे सांडपाणी आणि नियामकांशी वाटाघाट

जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची विकृती हे समूहव्याधीचे मूळ सांगितले आहे. हे प्रकरण आपण विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवितो. मात्र आपल्याच रसशाळेतून वा चिकित्सालयातून बाहेर पडणारे उदक कोणत्या भावात जाऊन मिसळते, याचा विचार प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस दारी आल्यावरच सुरू होतो. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो आणि घाबरून सर्व अटी मान्य करणे किंवा रागाने कागद बाजूला टाकणे, असे दोनच मार्ग समोर दिसतात. हे दोन्ही मार्ग घातक आहेत. तिसरा मार्ग अभ्यासपूर्ण वाटाघाटीचा आहे व त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठवाड्याची विशेष परिस्थिती

नांदेड ही गोदाकाठची नगरी. येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय रसशाळा आहे आणि खाजगी औषधी निर्मातेही आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 53 पट्टे महाराष्ट्रातील होते. गोदावरीचा सोमेश्वर मंदिर ते राहेर हा पट्टा त्यात समाविष्ट होता. राहेर हे नांदेड जिल्ह्यातीलच गाव आहे. या प्रदूषणाचा मोठा भाग शहरांच्या सांडपाण्याचा आहे हे खरे. तथापि राष्ट्रीय हरित लवादाने या पट्ट्यांची दखल घेतल्यानंतर मोठ्यांबरोबर लहानांचीही तपासणी होणे क्रमप्राप्त झाले.

लातूरची अडचण निराळी आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागलेले हे शहर. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले होते. जेथे प्रवाहच क्षीण, तेथे सांडपाणी नदीत जाऊन विरळ होईल हा युक्तिवाद टिकत नाही. जमिनीत मुरलेले पाणी अखेर कोणाच्या तरी विंधनविहिरीत उतरते. ही वस्तुस्थिती लातूरच्या औषधी निर्मात्याने चर्चेस बसण्यापूर्वीच मनोमन स्वीकारलेली बरी.

काय वाटाघाटीचे, काय नव्हे

वाटाघाटीचा पहिला नियम हा की, जे बदलणार नाही त्यासाठी शक्ती खर्च करू नये. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 अन्वये भूपृष्ठावरील जलाशयात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानके ठरलेली आहेत : जैविक प्राणवायू मागणी (बीओडी) प्रतिलिटर 30 मिलिग्रॅम, रासायनिक मागणी (सीओडी) 250, तरंगते घन पदार्थ 100, शिसे 0.1 आणि पारद 0.01 मिलिग्रॅम. नांदेड किंवा लातूर येथील उपप्रादेशिक अधिकाऱ्यास ही मानके शिथिल करण्याचा अधिकार नाही. त्यांच्याकडे तशी विनंती करणे म्हणजे चर्चेच्या आरंभीच आपली विश्वासार्हता गमावणे होय.

आपण औषधी परवान्याच्या वेळी हे मान्यही केलेले असते. 2000 साली आलेल्या अनुसूची ‘टी’मध्ये निर्मिती विभागातील व प्रयोगशाळेतील अपायकारक सांडपाणी व अवशेष प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार प्रक्रिया करूनच सोडावेत, असे स्पष्ट आहे. म्हणजे हा विषय पर्यावरण खात्याइतकाच आपल्या परवान्याचाही आहे.

मात्र पुढील बाबी निश्चितच चर्चेच्या कक्षेत येतात : उद्योगाचे वर्गीकरण, सांडपाण्याचे खरे परिमाण, प्रक्रियेची पद्धत, पूर्ततेचा कालावधी, बँक हमीची रक्कम आणि उल्लंघनाचे दिवस.

वर्गीकरणाचेच उदाहरण घेऊ. केंद्रीय मंडळाच्या 2016 च्या यादीत बॉयलर नसलेली आयुर्वेदीय औषधनिर्मिती हरित वर्गात होती. बॉयलर बसविताच हा लाभ जातो. त्याच वेळी हरित वर्गास 15 वर्षे, नारिंगी वर्गास 10 वर्षे व लाल वर्गास 5 वर्षे संमतीपत्राची मुदत सुचविण्यात आली होती. 2025 मध्ये वर्गीकरण पुन्हा सुधारले गेले आहे. म्हणून प्रत्येक निर्मात्याने आपल्या संमतीपत्रावरील वर्ग नव्या यादीशी ताडून पाहावा. जुना व चुकीचा वर्ग तसाच राहिल्यास पुढील सर्व आकडेमोड त्यावरच उभी राहते.

पारदाचा प्रश्न

काढ्याचा चोथा खत करता येतो, पात्रे धुतलेल्या पाण्यावर साध्या सयंत्रात प्रक्रिया होऊ शकते. खरी कसोटी रसौषधींची आहे. नागाच्या सामान्य शोधनात वितळलेला धातू तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थ क्वाथ यांत प्रत्येकी सात वेळा ओतला जातो. शुद्ध नाग आपण जपून ठेवतो. उरलेल्या द्रवांचे काय होते? पारदाच्या प्रक्षालनाचे पाणी, ऊर्ध्वपातनानंतरचा अवशेष, पुटातील राख यांचाही हिशेब असावयास हवा.

पारदविषयक मिनामाटा करार 2017 मध्ये अमलात आला व भारताने 2018 मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. पारंपरिक वा धार्मिक प्रथांमध्ये वापरल्या जाणाऱ्या उत्पादनांना त्यातील उत्पादनबंदीच्या परिशिष्टातून वगळले आहे. यावर आपल्यापैकी काही जण निश्चिंत आहेत. परंतु ही सूट उत्पादनास आहे, गटारास नाही. पारदयुक्त कचरा आणि जमीन व पाण्यात होणारे उत्सर्जन यांविषयीची कलमे त्याच करारात स्वतंत्रपणे आहेत. उद्या एखाद्या रसशाळेच्या नाल्यात पारद सापडला, तर प्रश्न एका परवान्यापुरता राहणार नाही. रसशास्त्राच्या विरोधकांना आयते साधन मिळेल.

धातुयुक्त अवशेष म्हणूनच वेगळे साठवावेत. धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार साठवणुकीची मुदत सामान्यतः 90 दिवस आहे व विल्हेवाटीसाठी रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी येथे सामायिक केंद्रे आहेत. लहान निर्मात्यास एकट्याने वाहतूक परवडत नाही. येथे संघटनेने पुढाकार घेऊन नांदेड-लातूरच्या सभासदांच्या वतीने सामूहिक व्यवस्थेचा प्रस्ताव मंडळापुढे ठेवणे हीच उत्तम वाटाघाट ठरेल.

विलंबाची किंमत

तमिळनाडूतील कोडाइकनाल येथील तापमापकांचा कारखाना पारद-प्रदूषणामुळे 2001 मध्ये बंद झाला. तेथील मातीत प्रतिकिलो किती पारद राहिला तर ती शुद्ध मानावी, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या अभ्यासाआधारे 20 मिलिग्रॅमची मर्यादा ठरली. कार्यकर्त्यांची मागणी त्याहून पुष्कळ कडक होती. एकदा माती दूषित झाली की चर्चा किती अवघड होते, याचे हे उदाहरण होय. राजस्थानातील बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व लागू केले. त्यानंतर सुमारे 37.38 कोटी रुपयांची रक्कम निश्चित झाली. उद्योगांनी टाळाटाळ केली आणि 2011 मध्ये त्याच रकमेवर द.सा.द.शे. 12 दराने चक्रवाढ व्याज लागले.

आपल्या पातळीवरील हिशेब पाहू. केंद्रीय मंडळाच्या भरपाई सूत्रात प्रदूषण निर्देशांक (लाल 80, नारिंगी 50, हरित 30), दिवस, रुपयांतील गुणक (सुचविलेला 250), उद्योगाचा आकार (लहान 0.5) आणि स्थान यांचा गुणाकार होतो. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरास स्थानगुणक 1 आहे. म्हणजे नारिंगी वर्गातील लहान निर्मात्यास प्रतिदिन 6,250 रुपये. हरित वर्गास गुणाकार 3,750 आला तरी किमान 5,000 रुपये. नारिंगी वर्गात वीस दिवसांचे 1,25,000 होतात, साठ दिवसांचे 3,75,000. दिवसांची मोजणी पूर्ततेची पडताळणी होईपर्यंत चालते. म्हणून दुरुस्ती होताच त्याच दिवशी पडताळणीची लेखी मागणी करून पोच घ्यावी.

प्रक्रियेचे हक्क

जल अधिनियम, 1974 च्या कलम 21 नुसार विश्लेषणासाठी नमुना घेताना नोटीस देणे, उपस्थित चालकासमक्ष नमुन्याचे दोन भाग करणे व ते मोहोरबंद करून दोघांच्या स्वाक्षऱ्या घेणे अपेक्षित आहे. चालकाने विनंती केल्यास दुसरा भाग राज्य जल प्रयोगशाळेकडे जातो. ही विनंती तेथेच करावयाची असते. अहवाल प्रतिकूल आल्यानंतर नव्हे. निर्देश देण्यापूर्वी हरकतीसाठी सामान्यतः किमान 15 दिवस मिळतात. संमती नाकारल्यास वा जाचक अटी घातल्यास कलम 28 अन्वये 30 दिवसांत अपील करता येते.

4 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना भरपाई आकारण्याचा व आगाऊ बँक हमी घेण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. मात्र त्यासाठी विधिवत नियम व नैसर्गिक न्याय आवश्यक असल्याचेही सांगितले. त्यापूर्वी 2024 मध्ये बेन्झो केम प्रकरणात केवळ उलाढालीवरून ठरविलेला 25 कोटींचा दंड याच न्यायालयाने रद्द केला होता. अधिकार आहे, पण तो मनमानी नाही, असा या निर्णयांचा एकत्रित अर्थ आहे.

वैद्यबंधूंसाठी

केवळ चिकित्सालय चालविणाऱ्यांनीही स्वतःस मुक्त समजू नये. जैववैद्यकीय कचरा नियम, 2016 आयुष रुग्णालयांना लागू आहेत. रक्तमोक्षण, जलौकावचारण, क्षारसूत्र यांतून निर्माण होणारा रक्तदूषित कचरा घंटागाडीत टाकता येत नाही. खाटा नसलेल्या चिकित्सालयास प्राधिकारपत्र एकदाच घ्यावे लागते व वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत द्यावयाचा असतो. एवढी कागदपत्रे सज्ज असली तरी तपासणीचा सूर बदलतो.

नाडी, मूत्र, मल पाहिल्याविना आपण चिकित्सा ठरवीत नाही. मंडळाचा अधिकारीही नेमके तेच मागतो : पाण्याचे मोजमाप, विश्लेषण अहवाल, कचऱ्याची नोंदवही आणि कालबद्ध कार्यक्रम. हे चार कागद घेऊन जाणाऱ्याशी तो तपशिलावर बोलतो. रिकाम्या हाताने जाणाऱ्यास छापील अटींची प्रत मिळते. सभासदांनी येत्या तिमाहीत आपापल्या सांडपाण्याचे एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून विश्लेषण करून घ्यावे, ही विनंती. पुढील चर्चा त्या आकड्यांवरून सुरू करता येईल.