पाचटाला भाव का नाही?

सकाळच्या चहात आपण चमचाभर साखर घालतो. तिच्यामागे ऊस असतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. उसामागे त्याचा पालाही असतो, हे मात्र साखरपट्ट्यात राहिल्याशिवाय कळत नाही. बँकेत शेतीकर्जाचे काम पाहताना मी बरीच वर्षे त्या भागात काढली. तोडणीचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी इकडेतिकडे जाळ दिसे. रिकाम्या फडात पाचट पेटवलेले असे.

शहरातली मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. शेतकरी हिशेबी असतो. त्याचा हिशेब समजून घ्यायला हवा.

एकाच उसाच्या तीन 'टाकाऊ' वस्तू पाहा. रस काढल्यावर 100 टनांमागे 28 ते 30 टन चोथा उरतो, त्यात निम्मे पाणीच. गुऱ्हाळाच्या चुलवणीत वाळलेली चिपाडे पूर्वापार जळत आली. कारखान्यांत मात्र एके काळी हा चोथा कसाबसा संपवणे हेच काम होते, त्यामुळे बॉयलरच्या काटकसरीकडे कोणी फारसे पाहत नसे. आज त्याच बगॅसवर वीज तयार करून अनेक कारखाने ती विकतात. दुसरी वस्तू म्हणजे शेंड्याचे हिरवे वाढे. तोडणी कामगार त्याच्या मोळ्या बांधून चाऱ्यासाठी विकतात; त्या कुटुंबांचा बाजारखर्च पुष्कळदा त्यावर चालतो. तिसरे पाचट. त्याला गिऱ्हाईक नाही.

चोथा आपोआप कारखान्याच्या आवारात गोळा होतो. वाढे बांधणारे हात फडातच असतात. पाचट रानभर विखुरलेले आणि हलके. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. पैसे वाहतुकीतच जातात.

मग शेतातच कुजवले तर? एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात फार तर 20 किलो नत्र, म्हणजे युरियाचे 45 किलोचे एक पोते. ते तीनशे रुपयांच्या आत मिळते, कारण खर्चाचा मोठा वाटा सरकार अनुदानातून उचलते. एवढ्यासाठी मजूर कोण लावणार? पाचटाने जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, भांगलण कमी होते. पण याची पावती कोणी फाडत नाही. आमच्या कर्जाच्या कागदांत रासायनिक खताला रकाना होता, पाचटाला नव्हता.

त्यात पाण्याची घाई. तोड झाली की खोडव्याला पाणी हवे. सरीत पाचट अडकले की पाणी पुढे सरकत नाही, आणि कालव्याची पाळी कोणासाठी थांबत नाही. एक काडी ओढली की रान मोकळे. पालाश बराचसा राखेत उरतो. नत्र आणि कर्ब धुरातून जातात.

उपाय नाही असे नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने कुट्टी करायची, टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे. माझ्यातला जुना बँकवाला म्हणतो, खोडव्याच्या पीककर्जात कुट्टीचा खर्च वेगळे कलम म्हणून धरावा. यंत्रे मात्र कारखान्यांनी ठेवावीत. चांगला पोसलेला खोडवा शेवटी त्यांच्याच गव्हाणीत येतो. आणि ती पुरेशी ठेवावीत. तोड एकाच हंगामात, यंत्र सगळ्यांना एकदमच हवे असते. रांगेतल्या शेवटच्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी तोवर येऊन गेलेली असते.