आतून कोरलेली गिटार

“साहेब, एवढी चांगली फळी, आणि उंदरानं कुरतडल्यासारखी आतून काय पोखरताय?” मिस्त्रींचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या हिशेबात लाकूड कोरायचं ते बिजागरीपुरतं, फार तर कुलपापुरतं. मी मात्र टेलिकास्टर गिटारच्या आकाराची बॉडी पुढ्यात घेऊन तिच्या दोन्ही कुशी रिकाम्या करायला निघालो होतो.

फळी तुनाची. पुण्याच्या टिंबर मार्केटमधून आणलेली. मिरजेचे सतारमेकर तून वापरतात, हे तो घेण्यामागचं निम्मं कारण; उरलेलं निम्मं म्हणजे हे लाकूड हलकं असतं आणि पटाशीला त्रास देत नाही. एकाच फळीतून दोन बॉडी कापल्या. एक भरीव ठेवायची, दुसरी पोकळ करायची. नेक, पिकअप, ब्रिज सगळं एकच. स्क्रू काढून इकडचं तिकडे लावायचं. पोकळीनं आवाज बदलतो म्हणतात, तो नेमका कुठे बदलतो हे मला स्वतःच्या कानानं पाहायचं होतं.

कोरायची बॉडी ३८ मिलीमीटर जाडीची. खाली ६ मिलीमीटरचा तळ राखायचा, म्हणजे खोली ३२. आधी ड्रिलनं शेजारी शेजारी भोकं पाडून बराचसा माल काढला. मग एमडीएफचा फर्मा ठोकून राऊटर फिरवला, एका फेरीत पाच-सहा मिलीमीटर, जास्त नाही. मधला पट्टा अखंड ठेवायचा, कारण नेक आणि ब्रिज त्यावरच बसतात आणि तारांचा ताण तोच सोसतो. तुनाचा भुसा तांबूस. दुपारपर्यंत भुवयाही त्याच रंगाच्या झाल्या.

चौथ्या फेरीला राऊटरचा सूर बदलला. मशीन बंद करून पाहिलं, तर बिट पकडीतून सरकून खाली उतरलं होतं. एका कोपऱ्यात तळ जेमतेम दोन मिलीमीटर उरलेला. दिव्यासमोर धरला तर पारदर्शक होईल की काय असं वाटावं. मिस्त्री काही बोलले नाहीत. कापून उरलेला एक तुकडा रंध्यानं पातळ करून दिला, तो आतून चिकटवला. मग वर ७ मिलीमीटरचं झाकण, एका बाजूला एफच्या आकाराचं छिद्र, भरपूर फेविकॉल आणि मिळतील तेवढे शिकंजे. दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडून बॉडी हलवली तर आत खळ्ळ. एक ढलपी आतच राहिली होती. सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून ती एफमधून काढायला पाऊण तास गेला.

भरीव बॉडी भरली २ किलो १०० ग्रॅम, पोकळ दीड किलो. बोटाच्या पेरानं टकटक केली तर भरीव बॉडी ‘ठक्’ म्हणे. पोकळ बॉडी ‘टुंब’ म्हणून क्षणभर थांबे.

इथे सतारीची आठवण फसवते. सतारीत घोडीखालची तबली हलते आणि भोपळ्यातली हवा बोलते. पोकळी हाच तिचा गळा. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला हवा ऐकू येत नाही. त्याला कळतं ते फक्त चुंबकासमोर स्टीलची तार कशी हलते ते. मग बॉडीचा संबंध उरतो तो आडून: ब्रिज ज्या सुराला सहज हलतो, त्या सुरात तार आपली ताकद लाकडाला देऊन बसते आणि लवकर विझते. ब्रिजखाली अखंड पट्टा असेल तर हे देणंघेणं थोडकंच. खरी लवचीक गोष्ट नेक असते. एखादा सूर कुठल्या पट्टीवर अवेळी मरतो, याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

गिटारवादक लेस पॉलला हे फार आधी उमगलं होतं. १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात रविवारी जाऊन त्यानं चार बाय चार इंची पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या. नुसता ओंडका वाजवला तेव्हा लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे पंख जोडल्यावर दाद मिळाली, असं तो सांगत असे. आवाज ओंडक्याचाच होता. १९५८ साली गिब्सननं ईएस-३३५मध्ये मेपलचा मधला ठोकळा आणि दोन पोकळ कुशी अशीच मांडणी केली. रॉजर रॉसमाइसल या जर्मन कारागिरानं रिकनबॅकरसाठी आणि पुढे १९६८च्या टेलिकास्टर थिनलाइनसाठी लाकूड मागून कोरलं. तिथे वजन उतरवणं हाही हेतू होताच.

माझ्या दोन गिटारी मित्राला ऐकवल्या. तो भिंतीकडे तोंड करून बसला, मी दर वेळी नेक-पिकअप-ब्रिज इकडचं तिकडे करून आळीपाळीनं वाजवल्या. ॲम्प मध्यम आवाजावर. त्याचे निम्म्याहून थोडे जास्त अंदाज बरोबर आले. नाणं उडवूनही साधारण तेवढे आले असते. मग डोळे मिटून त्यालाच वाजवायला दिली. पहिल्या झटक्याला म्हणाला, “ही पोकळ. बरगड्यांना कळतंय.” ॲम्प बंद होता तेव्हा तर कुणालाही कळलं असतं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे पोकळ गिटार हातात आली की तो हळू वाजवायला लागला, प्लेक्ट्रम ब्रिजपासून दूर सरकलं. त्यामुळे सूर खरोखरच मऊ झाला. दुकानदार ज्याला ‘एअरी टोन’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा मनगटाचा असावा असं मला तेव्हापासून वाटतं.

एक फरक मात्र निर्विवाद. ॲम्प मोठा केला की भरीव गिटार मुकाट राहते. पोकळ गिटारचं झाकण स्पीकरच्या हवेनं थरथरू लागतं आणि तारेला परत जागवतं. दोन पावलं पुढे गेलं की सूर आपोआप लांबतो, तिसऱ्या पावलाला शिट्टी. ते दुसरं पाऊल सापडायला मला आठवडा लागला.

आणि बॉडीतून ६०० ग्रॅम काढल्याचा हिशेब खांद्याच्या पट्ट्यावर चुकता होतो. हात सोडला की गिटार मान टाकते. पट्ट्याची खुंटी हलवून पाहिली, आता नेकच्या टोकाला तारा पिळायच्या हलक्या खुंट्या बसवल्यात. बरंच सावरलंय, तरी दोन गाण्यांच्या मधे डावा हात आपसूक मानेखाली जातो.