'बिनतारी' म्हणजे नेमके काय?

भिवंडी हे सुताच्या धाग्यावर जगणारे यंत्रमागांचे शहर. येथे 'बिनतारी' हा शब्द थोडा नवलाचाच! उर्दूत यालाच 'लासिल्की' म्हणतात. 'ला' म्हणजे नाही आणि अरबी 'सिल्क' म्हणजे धागा किंवा तार. मराठीत पोलिसांचा बिनतारी संदेश सर्वांना ठाऊक; बाजारात मात्र 'वायरलेस'च चालते. कारखानदार बंधूंनी असे कॅमेरे घेताना ध्यानी ठेवावे, की तार नसते ती फक्त संदेशाला. विजेची तार बहुधा लागतेच. वीज गेली की माग थांबतो आणि बॅटरी नसेल तर कॅमेराही आंधळा होतो. शिवाय पत्र्याची भिंत आड आली तर संदेश अडखळतो. म्हणून आम्ही म्हणतो, विक्रेत्याकडून तो आपल्याच शेडमध्ये चालवून घ्यावा, मग पैसे मोजावेत.