श्वानशाळेत जाण्यापूर्वी

श्वानप्रशिक्षण शाळेत कुत्र्याइतकेच त्याच्या पालकालाही शिकावे लागते, म्हणून तयारीला घरापासूनच सुरुवात करावी लागते. पिल्लाच्या आयुष्यातील पहिले तीन महिने हा ‘सामाजीकरणाचा काळ’, म्हणजे अनोळखी माणसे, आवाज व प्राणी यांच्याशी निर्भयपणे जुळवून घेण्याचा काळ असतो; त्यामुळे सर्व लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरातच ठेवण्याचा प्रघात काळजीपोटी पडलेला असला, तरी तो ही मोलाची संधी दवडतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेच्या मते ७ ते ८ आठवड्यांचे पिल्लूही वर्गात जाऊ शकते, मात्र लसींची पहिली मात्रा किमान ७ दिवस आधी दिलेली आणि जंताचे औषध पाजलेले असावे.

गळपट्टा व दोरीची सवय आणि हाक मारताच वळून पाहणे, एवढी पूर्वतयारी पुरते. वर्गापूर्वी भरपेट खाऊ घालू नये, कारण हवी ती कृती घडताक्षणी बक्षीस देऊन ती पक्की करण्याची रीत, जिला ‘सकारात्मक प्रबलन’ म्हणतात, बरीचशी भुकेवर चालते. त्यासाठी बिनमसाल्याच्या उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे उत्तम. घरात आजी ‘बस’ आणि नातू ‘सिट’ म्हणत असेल, तर प्राणी गोंधळतो, तेव्हा शब्द आधीच ठरवावेत.

प्रवेशापूर्वी एक वर्ग कुत्र्याविना पाहावा, आणि जेथे विजेचा झटका देणारे किंवा गळा आवळणारे पट्टे वापरले जातात, ती शाळा निःसंकोचपणे नाकारावी.