काटा खोटं बोलतो तेव्हा: जुन्या पद्मिनीला टेम्परेचर मीटर बसवताना

ज्यांच्याकडे इअरफोन नाही, किंवा जे एसटीत बसलेत आणि काहीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात. रेकॉर्डिंग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये केलं होतं. मधेच पाना पडल्याचा आवाज येतो, तो तुम्ही मनात ऐका.

आधी सांगतो, मी जळगाव जामोदचा. खानदेशातलं जळगाव वेगळं. हे बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. हे सांगायचं कारण म्हणजे मी ऑनलाइन मागवलेलं मीटर आधी त्या जळगावात फिरून मग आमच्याकडे आलं!

गाडी आहे आबांची, म्हणजे आजोबांची, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. मूळची ती इटलीची फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती सिनेमात पाहिलीच असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आमची मात्र अजून चालते.

चालते, पण मागच्या मे महिन्यात नांदुऱ्याहून येताना तापली. डॅशबोर्डवर तापमान सांगणारं काहीच चालू नव्हतं. बॉनेटमधून वाफ आली तेव्हाच कळलं, आणि तोवर हेड गॅस्केट गेलं होतं. या इंजिनचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. जास्त तापलं की हेड वाकतं. मिस्त्रीकाकांनी ते घासून सपाट करून आणलं आणि बजावलं, "आता पुन्हा घासाले जागा नाई राह्यली पोट्ट्या. आता तापली का भंगारात." बाबा तर विकायलाच निघाले होते. आबा काहीच बोलले नाहीत, नुसते गाडीवर हात फिरवत बसले. म्हणून मीटर बसवायचं ठरलं.

उन्हाळ्यातच का तापते?

साधा हिशोब आहे. रेडिएटर पाण्यातली उष्णता हवेला देतो, आणि किती देणार ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५ चा. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते, मग फरक उरतो ४५ चाच. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास ३० टक्के कमी काम करतो. त्यात जुन्या गाडीचा पंखा बेल्टवर फिरतो. गाडी रेल्वे फाटकावर उभी राहिली की इंजिन मंद, पंखाही मंद.

मीटर दोन प्रकारचं

पहिलं मेकॅनिकल. यात एका टोकाला छोटा बल्ब असतो आणि त्यातून तांब्याची बारीक नळी थेट मीटरपर्यंत जाते. बल्बमधलं द्रव तापलं की दाब वाढतो आणि काटा हलतो. वायर लागत नाही, पण नळी दुमडली की मीटर संपलं.

दुसरं इलेक्ट्रिक. यात सेन्सर असतो. पाणी तापेल तसा त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो, आणि मीटर तेवढंच मोजून काटा हलवतं. बसवायला सोपं, म्हणून मी हेच घेतलं. एक लक्षात ठेवा: सेन्सर आणि मीटर एकाच जोडीतलं हवं. एका कंपनीचं मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर लावला, तर काटा हलेल, पण आकडा चुकीचा दाखवेल.

बसवण्याआधी घरीच परीक्षा घ्या. पातेल्यात पाणी उकळा, सेन्सर दोऱ्याने लटकवून बुडवा, तळाला टेकू देऊ नका. सेन्सरच्या अंगाला वायर लावून ती बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. काटा १०० च्या आसपास आला, की मीटर खरं.

बसवायचं कसं

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटरचं थोडं पाणी स्वच्छ बादलीत काढून ठेवा.

सेन्सरसाठी उत्तम जागा म्हणजे हेडवरचं मूळ भोक. पण आटे जुळलेच पाहिजेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये जबरदस्तीने पिळलं तर आटे कायमचे जातात. आमचे जुळेनात, म्हणून वरचा होज पाईप कापून मध्ये धातूचा अडॅप्टर बसवला, दोन्ही बाजूंना क्लिपा, आणि सेन्सर त्यात.

मीटरला तीन मुख्य वायरी: एक चावी फिरवल्यावर करंट येणारी, लहान फ्यूज घालून, दुसरी बॉडीला अर्थिंग, तिसरी सेन्सरला. चौथी असेल तर ती मीटरच्या दिव्याची. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच घाला, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते.

मग पाणी भरा. झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहा. आत हवा अडकली तर नवीन मीटर असूनही गाडी तापेल.

आणि इथे मी फसलो

पहिल्या दिवशी नांदुऱ्यापर्यंत गेलो. काटा तळाला, एकदम थंड. मी खूश! आबांना फोन करून सांगितलं की इंजिन बर्फासारखं आहे. परत आल्यावर मिस्त्रीकाकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे थंड हाय का बे?"

चूक साधी होती. सेन्सरचा करंट स्वतःच्या अंगातून इंजिनात आणि तिथून बॅटरीत परत जातो. माझा अडॅप्टर दोन रबरी पाइपांच्या मध्ये होता, आणि रबरातून करंट जात नाही. सर्किट पूर्णच होत नव्हतं, म्हणून मीटरला वाटलं सगळं थंड. अडॅप्टरवरून इंजिनच्या बोल्टला एक वायर जोडली आणि काटा ८५ वर आला.

शंका आली तर तपासायची युक्ती: सेन्सरची वायर काढून क्षणभर इंजिनला टेकवा. काटा पूर्ण गरमकडे गेला, तर मीटर आणि वायर ठीक. मग दोष सेन्सरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये.

दुसरा धोका याहून मोठा. पाइप फुटून पाणीच निघून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो. त्याला गरम पाणी लागत नाही, काटा खाली येतो, आणि आत इंजिन जळत असतं. त्यामुळे वर गेलेला काटा अचानक खाली आला, तर खूश होऊ नका, गाडी थांबवा. मिस्त्रीकाकांचं वाक्य मी शेडच्या दारावर लिहिलंय: "काटा लावला म्हणून पानी पाहाचं सोडू नको."

काटा चढला तर?

८० ते ९५ ठीक. वरच्या होजमध्ये सेन्सर असेल तर सुरुवातीला काटा थंडच राहतो आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर एकदम चढतो, तेव्हा घाबरू नका. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा ओळखा, तिथे काचेवर टिकली चिकटवा. १०५ कडे गेला तर सावलीत थांबा, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

परवा आबांना घेऊन शेगावला दर्शनाला गेलो. भर दुपार होती. येताना काटा ९८ वर चढला, मी लिंबाखाली गाडी लावली. पन्नास मिनिटं थांबलो, आबांनी डब्यातली भाकरी काढली. मग रेडिएटर बघितला, पाणी पुरेसं होतं. घरी आलो. बाबांनी गाडी विकायचा विषय अजून पुन्हा काढलेला नाही.

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर आज थंड इंजिनात पाणी तेवढं बघून घ्या. भेटू पुढच्या भागात!